गिरणी बंद पडली की वस्तीचं काय होतं?

बेंगळुरूत राहणाऱ्या मराठी माणसाला मल्लेश्वरमचा मंत्री मॉल माहीत असतोच. पण त्या जागेवर पूर्वी राजा मिल होती, हे किती जणांना ठाऊक आहे? आणखी एक विचारतो. राज्यघटनेची मूलभूत चौकट संसदेलाही मोडता येत नाही, हे पुन्हा ठामपणे सांगणारा सर्वोच्च न्यायालयाचा १९८० चा निकाल ज्या नावाने ओळखला जातो, ती मिनर्व्हा मिल कुठली? तीही इथलीच, बेंगळुरूची. कायद्याच्या विद्यार्थ्याला या मिलचं नाव पाठ असतं. त्या मिलमध्ये कोण राबत होतं, हे मात्र त्याला कोणी विचारत नाही.

आजचा विषय मिल नाही, मिलभोवतीची वस्ती आहे. ऑगस्ट २०११ मध्ये लंडनच्या टॉटनहॅम भागात पोलिसांच्या गोळीने एक तरुण मेला आणि पुढचे काही दिवस इंग्लंडची शहरं जळत राहिली. पंतप्रधान डेव्हिड कॅमेरन यांनी दोष दिला तो नैतिक घसरणीला. घरात बाप नाही, शाळेत शिस्त नाही, माणसाला जबाबदारीची जाणीव नाही, असा एकूण सूर. ते वाचताना मला लालबाग-परळ आठवलं. १९८५ नंतर तिथल्या पोरांबद्दल आपल्या मध्यमवर्गात नेमकं हेच बोललं जायचं. ‘पोरं वाया गेली.’ जणू आंबा नासतो तशी पोरं आपोआप नासतात!

आता गिरणगाव आधी काय होतं ते बघू. कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईतली पहिली कापड गिरणी काढली १८५४ मध्ये, आणि १८५६ पासून ती चालू लागली. मग रत्नागिरी, सातारा, सांगली, कोल्हापूरकडची माणसं येत गेली. मालकांनी आणि सरकारने काही चाळी बांधल्या, पण त्या पुरणार कशा? मग गावाने वाट काढली. एकेका गावाची मुंबईत स्वतःची खोली असे. वर्गणी भरायची, ट्रंक ठेवायची, आणि पाळी संपली की दुसऱ्याने रिकाम्या केलेल्या जागेवर पथारी टाकायची. कोण आजारी, कोणाचा पैसा गावाला गेला नाही, कोण दारूच्या गुत्त्यावर दिसला, हे चार दिवसांत गावाला कळायचं. खाजगीपण नावाला नव्हतं, आणि त्याचा जाचही असणार. पण पोरगा चुकला तर कान धरणारा कोणीतरी होता.

जेवण खानावळवाल्या बाईकडे. पगार झाला की पैसे, तोवर उधारी. या बायकांना बँक दारात उभी करत नव्हती. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. व्यायामशाळा, भजनी मंडळं, वाचनालयं, कबड्डीचे संघ, गणपती, कामगार रंगभूमी हे सगळं वेगळंच. यातलं बहुतेक लोकांनी आपल्या खिशातून उभं केलेलं. सामाजिक जबाबदारीचे धडे गिरणगावाला कोणी देण्याची गरज नव्हती. मात्र या सगळ्याच्या मुळाशी महिन्याचा पगार होता, एवढं ध्यानात ठेवा.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. डॉ. दत्ता सामंत यांनी कामगारांना फशी पाडलं असं आजही म्हटलं जातं. मला ते पटत नाही. बोनसवरून चिडलेले कामगार स्वतः त्यांच्याकडे गेले होते. ते चिडले त्याला एक सरकारी कारण होतं. मुंबई औद्योगिक संबंध कायदा, १९४६. या कायद्याने एका उद्योगात एकच मान्यताप्राप्त संघटना, आणि ती होती राष्ट्रीय मिल मजदूर संघ. कामगारांचा तिच्यावरचा विश्वास उडाला तरी मालकांशी बोलणी करण्याचा हक्क तिचाच. म्हणजे लाखो माणसं एका बाजूला आणि त्यांच्या वतीने सही करणारा दुसऱ्याच बाजूला. सरकारने हा कायदा बदलला नाही, सामंतांशी तडजोडही केली नाही.

संप चालला वर्षभराहून अधिक, आणि अधिकृतपणे तो कधी मागे घेतलाच गेला नाही. इतका काळ माणसं टिकली ती गावच्या तांदळा-ज्वारीवर. कित्येक कामगार बायकापोरांसह गावी परतले, खानावळींच्या चुली थंड झाल्या, गावकीच्या खोल्या ओस पडल्या. इथेच ती वीण उसवली. वर्गणीच नाही तर मंडळ चालणार कसं? ज्या घरात बाप रातपाळीहून यायचा, त्या घरात आता तो दिवसभर बसून राहिला आणि आई धुणीभांडी करायला निघाली. नाक्यावर उभ्या असलेल्या पोरांना पैसा आणि दरारा देणारे एकच उरले, टोळीवाले. १९९४ मध्ये खटाव मिलचे मालक सुनीत खटाव यांचा भररस्त्यात खून झाला, १६ जानेवारी १९९७ ला खुद्द सामंतांचा. जयंत पवारांचं ‘अधांतर’ नाटक याच घरांत घडतं.

सरकार काय करत होतं? १९८३ मध्ये मुंबईतल्या तेरा गिरण्या ताब्यात घेतल्या. १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाने आजारी गिरण्या बंद करण्याची वाट मोकळी केली. १९९१ मध्ये विकास नियंत्रण नियमावलीचा ५८ वा नियम आला. गिरणीची जमीन विकसित करायची तर ढोबळमानाने एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश सार्वजनिक घरांसाठी, उरलेली मालकाला. वाईट नव्हता हा नियम. पण २००१ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि ही वाटणी फक्त जिथे बांधकाम नाही अशा मोकळ्या तुकड्यापुरती उरली. गिरणीच्या आवारात शेडच शेड; मोकळी जागा असणार ती किती? २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती उचलून धरली. एका शब्दाच्या अर्थावर शेकडो एकरांचा हिशेब फिरला.

ब्रिटनमध्ये याच सुमाराला, मार्च १९८४ ते मार्च १९८५, कोळसा खाणकामगारांचा संप झाला. तिथेही बायकांनी सामुदायिक स्वयंपाकघरं चालवून वर्ष काढलं. खाणी बंद झाल्या आणि पुढच्या काळात त्याच गावांमध्ये हेरॉइन शिरलं. तीस वर्षं उलटली आणि राजकारणी विचारू लागले, या लोकांची समाजभावना कुठे गेली?

बेंगळुरूची गोष्ट जरा निराळी. इथे १९८०-८१ च्या हिवाळ्यात एचएएल, बीईएल, आयटीआय, एचएमटीच्या कामगारांनी ७७ दिवसांचा संप केला आणि तोही फसला. पण इथे कारखान्याने वसाहत, शाळा, दवाखाना दिला होता आणि संपानंतरही नोकरी टिकली. त्यामुळे पुढची पिढी शिकून दुसरीकडे लागू शकली. एचएमटीचं घड्याळ बंद करण्याचा निर्णय व्हायला २०१६ उजाडलं. वेळ मिळणं ही केवढी मोठी गोष्ट आहे! गिरणगावाला ती मिळाली नाही.

तरी गिरणगाव गप्प बसलं नाही. मॉडर्न मिलचे कामगार दत्ता इस्वलकर यांनी १९८९ मध्ये बंद गिरणी कामगार संघर्ष समिती उभी केली. नोकरी परत येणार नाही हे ओळखून त्यांनी त्याच जमिनीवर घर मागितलं. जून २०१२ मध्ये म्हाडाची सोडत निघाली, घरं ६,९२५. अर्जदार लाखाहून अधिक. अनेक अर्जांवर सही वारसांची होती, कारण मूळ कामगार तोवर हयात नव्हता. इस्वलकर एप्रिल २०२१ मध्ये गेले. यादी तेव्हाही संपली नव्हती.

पुढच्या भागात आपण बिन्नी मिलकडे वळणार आहोत. तुमच्या घरात कोणी बेंगळुरूच्या किंवा मुंबईच्या गिरणीत साच्यावर उभं राहिलं असेल, तर त्यांच्या खात्याचं नाव आणि पहिला पगार किती होता, एवढं जरूर लिहून पाठवा.