आर. आर. पाटील (आबा): अंजनी ते मंत्रालय

पूर्ण नाव: रावसाहेब रामराव पाटील
जन्म: १६ ऑगस्ट १९५७, अंजनी (ता. तासगाव, जि. सांगली)
निधन: १६ फेब्रुवारी २०१५, मुंबई
पक्ष: काँग्रेस; १९९९ पासून राष्ट्रवादी काँग्रेस

तासगाव तालुक्यात नुसतं 'आबा' म्हटलं तरी कोणाबद्दल बोलणं चाललंय ते कळतं. घरची परिस्थिती बेताची. 'कमवा आणि शिका' योजनेतून सांगलीत शिक्षण, पुढं वकिलीची पदवी. ना घरात साखर कारखाना, ना राजकीय वारसा.

सुरुवात
१९७९ मध्ये सावळज गटातून ते सांगली जिल्हा परिषदेवर निवडून आले आणि १९९० पर्यंत सदस्य राहिले. १९९० मध्ये तासगावातून पहिल्यांदा आमदार झाले. त्यानंतर १९९५, १९९९, २००४, २००९ आणि २०१४ अशा सलग पाच निवडणुका त्यांनी जिंकल्या. २००८ च्या पुनर्रचनेत मतदारसंघाला कवठेमहांकाळ जोडलं गेलं, तरी निकाल बदलला नाही.

ग्रामविकास खातं
१९९९ मध्ये आघाडी सरकारात ते ग्रामविकासमंत्री झाले. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान ही या काळातली मोठी ओळख. योजना साधी होती. आधी अनुदान नाही. गावानं श्रमदानानं गाव झाडायचं, गटारी काढायच्या, संडास बांधायचे आणि मग स्पर्धेत उतरायचं. तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्यांनी बक्षिसं. गावागावांत ईर्षा लागली आणि हागणदारीचा विषय ग्रामसभेत उघड बोलला जाऊ लागला.

गृहखातं
डिसेंबर २००३ मध्ये गृहखातं आलं आणि नोव्हेंबर २००४ मध्ये उपमुख्यमंत्रिपदही. २००५ मध्ये राज्यात डान्सबारवर बंदी आली. गावाकडं निर्णयाचं स्वागत झालं. पण बारबालांच्या रोजगाराचा प्रश्न उभा राहिला. २००६ मध्ये उच्च न्यायालयानं बंदी रद्द ठरवली, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल कायम ठेवला.

२००७ मध्ये महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. बांधाची, वाटणीची भांडणं कोर्टात नेण्यापेक्षा गावातल्या समितीसमोर मिटवायची, हा तिचा गाभा.

राजीनामा आणि पुनरागमन
२६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर पत्रकारांसमोरचं त्यांचं एक हिंदी वाक्य हल्ल्याला किरकोळ ठरवणारं वाटलं. टीका एवढी झाली की डिसेंबरच्या सुरुवातीला त्यांना पद सोडावं लागलं. वर्षभरानं, २००९ च्या निवडणुकीनंतर, पुन्हा गृहखातं मिळालं. ते २०१४ पर्यंत त्यांच्याकडे राहिलं. याच काळात त्यांनी नक्षलग्रस्त गडचिरोलीचं पालकमंत्रिपद घेतलं.

अखेर
तोंडाच्या कर्करोगानं वयाच्या ५७ व्या वर्षी त्यांचं निधन झालं. तंबाखूची सवय जवळच्यांनाही सोडवता आली नव्हती. अंजनीतच अंत्यसंस्कार झाले. पोटनिवडणुकीत पत्नी सुमनताई आमदार झाल्या, २०१९ लाही निवडून आल्या. २०२४ मध्ये मुलगा रोहित पाटील विधानसभेत गेले.

शासनाच्या स्मार्ट ग्राम योजनेला २०२० मध्ये 'आर. आर. (आबा) पाटील सुंदर गाव' हे नाव देण्यात आलं. ज्या ग्रामपंचायतींना त्यांनी झाडू हातात घ्यायला लावला, त्यांच्याच बक्षिसाला आबांचं नाव मिळालं.