पेनीवरच्या सागवानी रेघा

रंधा मारलेली सागवानी फळी आपण सर्वांनीच पाहिली आहे. फिकट, तपकिरी, मध्येच गर्द अशा रेघा एका दिशेने वाहत गेलेल्या दिसतात, आणि त्या पाहूनच सुतार रंधा कोणत्या अंगाने चालवायचा ते ठरवतो. आता अशाच रेघा तांब्याच्या एका लहानशा नाण्यावर उमटल्या आहेत अशी कल्पना करा. नाणे अमेरिकेचे आहे. त्यावर अब्राहम लिंकन यांचा चेहरा आहे, आणि कपाळावरून, गालावरून, दाढीवरून रेघा आरपार गेल्या आहेत. कुणी त्या रंगवलेल्या नाहीत की कोरलेल्या नाहीत. अशी नाणी शोधून जमवणारे हौशी लोक तिकडे पुष्कळ आहेत. ते अशा नाण्याला सरळ 'लाकडी पेनी' म्हणतात.

इतिहासाच्या माणसाने यात कशाला लक्ष घालायचं, असं कुणी विचारील. नाण्यावरून राजाचे नाव वाचावे, सन वाचावा, लिपी ओळखावी, हे आपण विद्यार्थ्यांना शिकवतो. पण ते नाणे ज्यांनी भट्टीपुढे घाम गाळून तयार केले, त्यांच्याविषयी नाणे अवाक्षर काढीत नाही. टाकसाळीच्या अहवालात किती नाणी पाडली याचा आकडा मिळतो. अमक्या दिवशी अमक्या मुशीतला धातू नीट ढवळला गेला नाही, ही गोष्ट अहवालात कोण लिहील? ती लाकडी पेनीने लिहून ठेवली आहे. म्हणून मला या रेघांचे मोल वाटते.

प्रथम नावाचा घोळ मिटवू. 'पेनी' हे नाव इंग्लंडचे. अमेरिकेत त्या नाण्याचे सरकारी नाव 'सेंट'. शंभर सेंटांचा एक डॉलर. पण लोकांच्या तोंडी पेनी हाच शब्द राहिला, जसा आपल्याकडे नवे पैसे आल्यावरही 'आणा' कितीतरी वर्षे तोंडातून गेला नाही. १८६४ सालापासून हे नाणे ब्राँझचे होऊ लागले. ब्राँझ म्हणजे आपल्या कांशाचे सौम्य भावंड समजा: शंभर भागांत ९५ भाग तांबे, आणि उरलेल्या पाच भागांत कथील व जस्त. वजन जेमतेम ३.११ ग्रॅम, व्यास १९ मिलिमीटरच्या आसपास. एक किलो धातूत अशा तीनशेहून अधिक पेन्या निघतात.

आता या पाच भागांतच सगळी गंमत आहे. तांबे वितळायला सुमारे १,०८५ अंश सेल्सियस उष्णता लागते. कथील २३२ अंशांनाच पाणी होते. जस्त ४२० अंशांच्या सुमारास वितळते, आणि ९०७ अंशांना तर चक्क उकळू लागते. म्हणजे तांबे अजून वितळायचे असते तोवर जस्त वाफ होऊन उडू पाहते. म्हणून आधी तांबे वितळवून घ्यायचे आणि जस्त शेवटी घालायचे, अशी रीत. घातल्याबरोबर पांढरा धूर निघतो. मग सगळा रस चांगला ढवळून एकजीव करावा लागतो. इथे हात आखडला, घाई झाली, भट्टी थोडी निवली, की मिश्रण कुठे दाट कुठे विरळ राहते. आपल्याकडच्या तांबटाला हे सांगायला नको. गुऱ्हाळात काकवी ढवळणाऱ्यालाही नको.

असा घाणा साच्यात ओतला की त्याची लगड बनते. लगड दोन रुळांमधून पुन्हा पुन्हा काढायची. धातू ताठर झाला की भट्टीत तापवून नरम करायचा, आणि पुन्हा रुळांत घालायचा. होता होता नाण्याच्या जाडीचा लांबलचक पत्रा तयार होतो. घरात कणीक भिजवताना हळद एका जागी राहून गेली आणि तशाच गोळ्याची पोळी लाटली, तर काय होते? हळदीचा ठिपका ठिपका राहत नाही, त्याची लांब पिवळी रेघ होते. पत्र्यातही अगदी हेच घडते. जिथे कथील-जस्त जास्त, तो भाग ताणला जाऊन रेघ बनतो. शेजारी तांबे जास्त असलेल्या भागाची दुसरी रेघ. पत्रा ज्या दिशेने लाटला त्या दिशेला सगळ्या रेघा समांतर. नंतर त्या पत्र्यातून गोल चकत्या कापतात आणि चकतीवर दोन्ही बाजूंनी ठसा मारतात.

चकती ठशाखाली जाताना कशीही फिरलेली असते. त्यामुळे एका पेनीवर रेघा लिंकनच्या डोक्यापासून छातीकडे उभ्या येतात, दुसरीवर कानापासून नाकाकडे आडव्या, तिसरीवर तिरप्या. ठसा तोच, सन तेच, पण दोन लाकडी पेन्या सारख्या सापडायच्या नाहीत. जमवणाऱ्यांना वेड लागते ते यामुळेच.

आणखी एक गोष्ट आहे, आणि ती मला सर्वांत नवलाची वाटते. टाकसाळीतून बाहेर पडली तेव्हा ही पेनी बहुधा इतर पेन्यांसारखीच लालसर, चकचकीत दिसली असेल. तांब्याच्या भांड्याला हवा लागून ते हळूहळू काळवंडते हे आपण रोज पाहतो; हवेतला प्राणवायू आणि गंधकाचा अंश धातूशी संयोग पावतो. जिथे मिश्रण वेगळे, तिथे काळवंडण्याची गती वेगळी आणि रंगही वेगळा. त्यामुळे वर्षे जाऊ लागली तशा रेघा वर आल्या. दोष जन्माचा, पण दिसायला लागला म्हातारपणी! तपासनिसाने त्या वेळी चकती हातात धरून पाहिली असती तरी त्याला फारसे काही दिसले नसते.

जाणकारांचा अनुभव असा, की लाकडी पेन्या जास्त करून एका टाकसाळीच्या सापडतात: कॅलिफोर्नियातल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या. सनाखाली 'एस' हे अक्षर ही तिची खूण. १९०९ पासून पुढच्या दीडएक दशकातल्या तिथल्या पेन्यांवर या रेघा विशेष आढळतात. हे असे का, ते पाहायचे तर थोडे मागे गेले पाहिजे.

१८४८ मध्ये कॅलिफोर्नियात सोने सापडले आणि जगभरचे लोक तिकडे धावले. त्या सोन्याची नाणी तिथल्या तिथे पाडता यावीत म्हणून १८५४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत टाकसाळ सुरू झाली. सोने आणि चांदी, एवढाच तिचा धंदा. तांब्याचे नाणे तिने पन्नास वर्षांत कधी पाडले नाही. कायद्याने ते काम पूर्वेकडच्या फिलाडेल्फियाच्या मुख्य टाकसाळीचेच होते. आणि खरे सांगायचे तर पश्चिमेकडच्या लोकांना पेनी नकोच होती. ज्या गावात सोन्याची भुकटी तोलून सौदे झाले, तिथल्या दुकानदाराला एक-दोन सेंटांचा हिशेब ठेवणे कमीपणाचे वाटे. पुढे शहरे वाढली, कारखाने आले, पगारावर जगणारी माणसे आली, आणि मग सुट्या पैशाची किंमत कळू लागली. १९०६ मध्ये कायदा बदलला आणि शाखा टाकसाळींनाही हलक्या धातूची नाणी पाडण्याची मुभा मिळाली.

त्याच वर्षी, १८ एप्रिल १९०६ च्या पहाटे, सॅन फ्रान्सिस्कोला मोठा भूकंप झाला आणि पाठोपाठ आग लागली. शहराचा मोठा भाग जळून गेला. टाकसाळीची दगडी इमारत मात्र राहिली. फ्रँक लीच हे तिथले प्रमुख होते. आवाराच्या आतल्या चौकात एक विहीर होती. तिच्या पाण्यावर कामगार आणि सैनिक कित्येक तास आगीशी झुंजले. खिडक्यांच्या काचा उष्णतेने तडकत होत्या, पण आतली तिजोरी वाचली. या इमारतीतून १९०८ मध्ये पहिली पेनी बाहेर पडली. त्या वर्षी ११ लाख १५ हजार पेन्या पाडल्या गेल्या.

म्हणजे पाहा, पन्नास वर्षे ज्यांनी सोने-चांदी हाताळली, त्यांच्या पुढ्यात एकाएकी तांबे, कथील आणि जस्त आले. सोन्याच्या कामातली सावधगिरी वेगळी. तिथे कण न् कण मोजायचा असतो. पेनीच्या घाण्याची तेवढी फिकीर कोण करणार? शिवाय जस्ताचा चंचल स्वभाव त्यांच्या रोजच्या सवयीचा नव्हता. रेघांचे मूळ या नवखेपणात आणि या बेफिकिरीत असावे, असा माझा तर्क आहे. कुणी म्हणेल, सॅन फ्रान्सिस्कोच्या पेन्या कमी, म्हणून लोक त्या भिंगाखाली जास्त पाहतात आणि रेघा तिथेच सापडतात. या म्हणण्यात थोडे तथ्य आहे. पण फिलाडेल्फियाच्या पेन्या कित्येक पटींनी जास्त निघाल्या आणि जपूनही ठेवल्या गेल्या. त्यांवर अशा रेघा आढळतात, पण त्या मानाने क्वचित.

१९०९ साल तर पेनीच्या इतिहासात महत्त्वाचे आहे. लिंकन यांच्या जन्माला त्या वर्षी शंभर वर्षे झाली, म्हणून त्यांचा चेहरा पेनीवर आला. अमेरिकेच्या रोजच्या चलनी नाण्यावर एखाद्या खऱ्या माणसाची मुद्रा येण्याची ती पहिलीच वेळ. ठसा व्हिक्टर डेव्हिड ब्रेनर यांनी तयार केला. हे गृहस्थ लिथुआनियातून अमेरिकेत आलेले. पाठीमागे त्यांनी आपल्या नावाची 'व्ही. डी. बी.' ही आद्याक्षरे घातली होती. त्यावर ओरड झाली आणि काही दिवसांतच ती काढून टाकण्यात आली. तोवर सॅन फ्रान्सिस्कोत अशा ४ लाख ८४ हजारच पेन्या निघाल्या होत्या. या पेनीवर लाकडी रेघा असल्या, तर मग विचारूच नका!

ही हौस श्रीमंतांचीच होती असे मात्र नाही. १९३० नंतरच्या मंदीच्या काळात विस्कॉन्सिन राज्यात एका माणसाने पुठ्ठ्यावर सनवार भोके पाडून 'पेनी बोर्ड' काढले. ज्या सनाची पेनी मिळेल ती त्या सनाच्या भोकात बसवायची. पुढे व्हिटमन कंपनीने ते घरोघर पोचवले. हातात आलेली मोड तपासायची, एवढाच त्याला खर्च. शाळकरी मुले आणि घरी बसलेली माणसे रोज संध्याकाळी नाणी उलटीपालटी करू लागली. इतकी डोळस तपासणी झाल्यावर विचित्र नाणी नजरेला येणारच.

तरी लाकडी पेनीला मान मिळायला वेळ लागला. बाजारात भाव असे तो अस्सल लालभडक पेनीला. त्याखाली लाल-तपकिरी, मग तपकिरी. पट्टेदार पेनी यांत कुठेच बसेना. 'डागाळलेली' म्हणून ती बाजूला सारली जाई आणि कुणी शहाणा ती घासूनपुसून 'नीट' करी. आज तीच पेनी लोक जास्त पैसे देऊन घेतात. बाजार म्हटला की लबाडीही आली. आच देऊन किंवा औषधे लावून तांब्याला हवे ते रंग चढवता येतात. अशा वेळी एक साधी परीक्षा उपयोगी पडते. नाणे असे धरावे की पुढच्या बाजूच्या रेघा उभ्या येतील. मग पुस्तकाचे पान उलटतो तसे ते उलटावे. मागच्या बाजूलाही रेघा दिसल्या, तर त्या उभ्याच असल्या पाहिजेत, कारण पत्रा एकाच दिशेने लाटलेला असतो. रंग फासणारा हे सहसा विसरतो.

पुढे पेनीचा धातूच बदलत गेला. १९४३ मध्ये युद्धासाठी तांबे हवे होते, म्हणून एक वर्ष जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाच्या पेन्या निघाल्या. १९६२ मध्ये कथील वगळले. १९८२ मध्ये तांबेच महागले, तेव्हा आत जस्त आणि वर तांब्याचा पातळ थर अशी पेनी आली. शेवटी शेवटी एक पेनी पाडायला तीन सेंटांहून जास्त खर्च येऊ लागला, आणि १२ नोव्हेंबर २०२५ रोजी फिलाडेल्फियात चलनासाठीची शेवटची पेनी पाडली गेली. जुन्या पेन्या चलनात कायदेशीर आहेत, पण नव्या व्हायच्या नाहीत.

आता थोडे आपल्या घरात डोकावू. आपला पाव आणा, म्हणजे जुना पैसा, १९०६ पर्यंत तांब्याचा होता. त्या वर्षापासून तोही ब्राँझचा झाला. १९४३ पासूनचा भोकाचा पैसाही ब्राँझचाच, आणि तोही त्याच युद्धाच्या टंचाईतला. मूस, लगड, रूळ, चकती हीच त्यांचीही वाट. असे पैसे आपल्याकडे अजून देव्हाऱ्यात, फडताळात, आजीच्या बटव्यात सापडतात. अडचण एकच आहे. सापडल्याबरोबर आपण त्यांना चिंच लावतो! ताम्हण लख्ख करायला चिंच उत्तम. तिच्यातले आम्ल वरचा काळा थर खाऊन टाकते. पण त्या थरातच रेघा दिसत असतात. शेतात नांगराला शिवराई लागली तरी तेच. राख आणि चिंच लावून अक्षरे अर्धी झिजवायची आणि मग गुरुजींकडे वाचायला न्यायची.

शाळेतल्या गुरुजींना म्हणून एक सुचवतो. मुलांना घरातले जुने पैसे न घासता आणायला सांगा. माती असेल तर नुसत्या पाण्यात भिजवून ठेवा आणि मऊ फडक्याने टिपून घ्या. नाणे कडेला धरा. बोटांचा घामही तांब्याला लागतो. सकाळी कोवळे ऊन खिडकीतून तिरपे येते, तेव्हा नाणे त्या उजेडात हळूहळू फिरवा. राजाच्या मुकुटावरून, अक्षरांवरून, मोकळ्या जागेवरून एकाच दिशेने जाणारी फिकट-गर्द रेघ दिसली, तर नाणे पानासारखे उलटा आणि मागची बाजू पाहा.