शेवटच्या सीटवर बसून बघ

जुलैत आई-बाबा पहिल्यांदाच इकडे मिशिगनला येतायत. मी आणि माझ्या रूममेटने मिळून बेत आखला, की एक जुनं मोटरहोम घ्यायचं, सगळ्यांनी यलोस्टोनला जायचं आणि परत आल्यावर ते विकून टाकायचं. डेट्रॉईटहून साधारण सतराशे मैल. बाबांची कंबर दर दोन तासांनी आडवं व्हायला मागते आणि आईला बाहेरचं खाणं चालत नाही. चाकांवरचं घर घेतलं की दोन्ही प्रश्न सुटले. निदान कागदावर तरी.

मागच्या ते मागच्या शनिवारी फ्लिंटच्या पुढे एका गावात गाडी बघायला गेलो. 32 फूट लांब, वीसेक वर्षं जुनी, पण आतून लखलखीत. मालक आजोबा म्हणाले, "हवी तर चक्कर मारून या." ताशी 25 मैलांनी गावात एक फेरी मारली. काय सांगू, दिवाणखान्यातल्या सोफ्यावर बसल्यासारखं वाटलं! खड्डा आला की गाडी वर जायची, झुलायची, परत झुलायची. आईला किती आवडेल, असंच मनात आलं. चेकबुक काढण्याआधी सहज बाबांना फोन लावला.

बाबा एसटीच्या दापोडी वर्कशॉपमधून रिटायर झालेत. कंपनीकडून नुसती चासी यायची आणि तिच्यावर बसची बॉडी हे लोक बांधायचे. त्यांनी मायलेज विचारलं नाही, किंमतही नाही. दोनच प्रश्न विचारले. "मागच्या चाकांच्या मागे किती फूट गाडी आहे?" आणि "तू शेवटच्या सीटवर बसलास का?"

माझ्याकडे दोन्हीची उत्तरं नव्हती. "विचार करून सांगतो," असं आजोबांना म्हणून घरी आलो आणि पुढचा आठवडाभर रात्री वाचत बसलो.

गंमत म्हणजे हा इतिहास माझ्या घरापासून दीड-दोन तासांच्या परिसरातच घडलाय. 'मोटर होम' हा शब्द रूढ करण्याचं श्रेय ज्याला देतात तो रे फ्रँक, डेट्रॉईटच्या उत्तरेला ब्राऊन सिटी नावाच्या छोट्या गावातला. 1958 च्या सुमारास त्याने स्वतःच्या कुटुंबासाठी एक चालतं घर बांधलं. लोकांनी विचारायला सुरुवात केली आणि 1961 मध्ये डॉजच्या चासीवर ही घरं विकायला निघाली. 1966 मध्ये आयोवातल्या फॉरेस्ट सिटीत जॉन हॅन्सनच्या विनेबागोने मोटरहोम आणलं. असेंब्ली लाईनवर तयार होणारं आणि इतरांपेक्षा बरंच स्वस्त. मग मध्यमवर्गाला ते परवडायला लागलं.

पण स्वस्ताईचं एक गणित होतं. घर बांधणारे चासी बनवत नव्हते, विकत घेत होते. आणि पुढची कित्येक वर्षं ती चासी मुळात ट्रकची किंवा घरोघर पाव नि पार्सलं पोचवणाऱ्या व्हॅनची असायची. अशा व्हॅनचं काम शहरातल्या शहरात, थांबत थांबत. तिच्यावर आता स्वयंपाकघर, फ्रीज, पलंग आणि पाण्याची टाकी चढली, आणि तिने हायवेवर 65 ने पळावं अशी अपेक्षा झाली. आपल्या भाषेत सांगायचं तर लेगसी कोड. पावासाठी लिहिलेल्या प्रोग्रॅमवर कुणीतरी अख्खं घर चालवतंय!

पलंगाला जागा हवी म्हणून बॉडी लांबत गेली. चासीवर पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर वाढवायला पैसे पडतात, म्हणून मागच्या चाकांपलीकडे शेपूट वाढवणं सोपं. एसटीच्या शेवटच्या सीटवरून ज्याने घाट उतरलाय त्याला फिजिक्स शिकवायला नको. चाकांच्या मागचा भाग तरफेसारखा वागतो. खड्ड्यात चाक चार इंच हललं, तर शेपटाचा माणूस त्याहून जास्त उडतो. आणि शेपूट जड झालं की पुढची चाकं हलकी होतात, म्हणजे स्टेअरिंगचं रस्त्याशी बोलणं कमी होतं.

याला उत्तर सापडलं नव्हतं असं नाही. सापडलं होतं, तेही इथेच, पाँटियाकमध्ये. 1973 ते 1978 या काळात जनरल मोटर्सने जीएमसी मोटरहोम बनवलं. चासी आणि बॉडी दोन्ही एकाच घरची, सुरुवातीपासून मोटरहोम म्हणूनच विचार केलेली. इंजिन आणि फ्रंट व्हील ड्राईव्ह ओल्ड्समोबिल टोरोनाडो या कारमधून घेतलेलं. मागे शाफ्टच जात नाही, त्यामुळे आतली जमीन रस्त्यापासून फक्त 14 इंचांच्या आसपास. मागे दोन्ही बाजूंना एकापाठोपाठ एक अशी दोन-दोन चाकं, आणि त्या दोन चाकांमध्ये आडवी बसवलेली हवेची स्प्रिंग. एक चाक उचललं गेलं तर धक्का दोघांत वाटला जायचा. बुटकी, रुंद पायाची गाडी. साहजिकच कमी डुलायची.

पण ऑक्टोबर 1973 मध्ये अरब देशांनी तेल रोखलं, आणि साडेसात लिटरच्या इंजिनाला यापेक्षा वाईट मुहूर्त कुठला? एकूण 13 हजारांच्या आसपास गाड्या बनल्या आणि उत्पादन थांबलं. बाजार परत ट्रकच्या चासीकडेच राहिला. चासी पुढे सुधारल्या, नाही असं नाही, पण उरलेली कसर मालकांनी पॅच लावून भरून काढली. ज्यादा अँटीरोल बार, आडवं सरकणं रोखणारा पॅनहार्ड रॉड, स्टेअरिंगचा डॅम्पर. म्हणजे जुन्या मोटरहोमची टेस्ट ड्राईव्ह घेताना आपण हा सगळा इतिहासच चालवत असतो. कुठे पैसे वाचवले आणि नंतर कुठे पॅच मारला, ते गाडी सांगते. फक्त 25 च्या स्पीडला सांगत नाही.

मागच्या शनिवारी टेप घेऊन परत गेलो. लांबी 384 इंच, चाकांमधलं अंतर 190. म्हणजे निम्म्यालाही जरासं कमी. जाणकार 55 टक्क्यांच्या आसपास असावं असं सांगतात. मागे तेरा फूट शेपूट. आजोबांची परवानगी घेऊन मागची 60 गॅलनची टाकी भरली, म्हणजे सव्वादोनशे किलो पाणी. टायरची हवा दरवाज्याजवळच्या पाटीप्रमाणे केली, आधी बरीच कमी होती. आणि आय-75 वर आलो.

आधी रूममेट चालवत होता आणि मी मागच्या सोफ्यावर पट्टा लावून. काँक्रीटच्या प्रत्येक जोडावर गाडीने तीन-चारदा मान डोलावली. पहिल्या दिवशीचा सोफा म्हणजे संपलेले शॉकअप आणि कमी हवा होती तर! चांगली गाडी एकदा डोलून गप्प बसते. दहा मिनिटांत मला मळमळायला लागलं. बाबांची कंबर इथे आडवी होणार होती.

मग मी स्टेअरिंगवर बसलो. सरळ रस्त्यावरसुद्धा हात सारखे डावी-उजवीकडे, कारण मध्ये दोन इंच नुसता प्ले. तेवढ्यात मागून अठरा चाकी ट्रक आला. त्याच्या हवेने आधी आम्हाला खांद्याच्या पट्टीकडे ढकललं आणि तो पुढे जाताना आपल्याकडे ओढलं. मी सावरलं ते जास्तच सावरलं, आणि शेपूट दोनदा डुललं. मागे कुणी उभं असतं तर? आई चहा करायला उठली असती तर? बाकीचे मैल मी 45 ने, उजव्या लेनमधून काढले.

आजोबा शांतपणे म्हणाले, "आम्ही कधी 45 च्या वर नेलीच नाही. तळ्यावर जायचो आणि यायचो." माणूस खोटं बोलत नव्हता. त्यांच्या कामाला गाडी चांगलीच होती. आमच्या सतराशे मैलांना नव्हती.

घेतली नाही. आता 27-28 फुटी, दोन चाकांमध्ये जास्त अंतर असलेली बघतोय, आणि घेण्याआधी ट्रकवाल्यांच्या काट्यावर पुढच्या-मागच्या चाकांचं वजन वेगवेगळं करून घेणार आहे. नाहीच मिळाली तर साधी मिनीव्हॅन, आणि बाबांसाठी दर दोन तासांनी थांबायचं.

बाबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मागे बसलास ना? झालं तर मग." आणि फोन आईकडे दिला.