पितळ उघडे पडण्याचे सुख

न्यूटन १६६९ साली केंब्रिजमध्ये ल्युकेशियन प्राध्यापक झाला आणि पुढे तीसएक वर्षे त्या पदावर राहिला. त्याच्या शिकवण्याबद्दलची सगळ्यात बोलकी नोंद त्याचा लेखनिक हम्फ्री न्यूटन याची आहे. (आडनाव तेच, नाते नाही.) 'प्रिन्सिपिया'ची सुवाच्य प्रत याच हम्फ्रीने लिहून काढली होती. तो सांगतो की व्याख्यानाला फार थोडे जण येत, आलेल्यांपैकी त्याहून थोड्यांना ते कळे, आणि ऐकायला कोणी नसल्यामुळे न्यूटनसाहेब पुष्कळदा भिंतींनाच शिकवून परत येत. श्रोते असले तर अर्धा तास, नसले तर त्याच्या चौथाई वेळात किंवा त्याहूनही लवकर काम आटोपे. भौतिकशास्त्रातले सर्वांत मोठे नाव, आणि त्याला शिकवण्यात रोजचे म्हणावे असे कसलेही सुख नव्हते. म्हणजे हे सुख विषयाबरोबर आपोआप येत नाही. विद्वत्तेतून येते म्हणावे, तर न्यूटनला त्याची कमतरता नव्हती. मग विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवण्यात लोकांना जो आनंद मिळत आला, वर्षानुवर्षे तोच लंबक आणि तेच भिंग हाताळूनही जो विटला नाही, तो आला कुठून? माझ्या मते त्याला एक ठराविक जन्मस्थान आहे. शिकवणारा आणि शिकणारा यांच्यामध्ये एक टेबल आले, त्या टेबलावर पितळेची उपकरणे मांडली गेली आणि शिकवणाऱ्याचे म्हणणे सर्वांदेखत खोटे पाडण्याची सोय झाली, तेव्हा हा आनंद जन्मला. भिंती कशालाही मान डोलावतात. पितळ डोलावत नाही.

हे टेबल नेदरलंड्समधल्या लायडनला मांडले गेले. विलेम याकोब स'ग्रावेसांडे हा पेशाने वकील. १७१५ साली डच वकिलातीबरोबर तो लंडनला गेला, न्यूटनला भेटला, रॉयल सोसायटीचा सभासद झाला आणि १७१७ साली लायडन विद्यापीठात प्राध्यापक म्हणून आला. न्यूटनचे गणित झेपेल असे विद्यार्थी त्याच्यापुढे नव्हते. मग त्याने सिद्धांत यंत्रांतून दाखवायचे ठरवले, आणि गावातला कारागीर यान फान मुशेनब्रूक याच्याकडून एकेक उपकरण घडवून घेतले. आपल्याकडच्या शाळांच्या कपाटात आजही एक पितळी गोळा आणि एक कडे असते. थंड गोळा कड्यातून जातो, तापवला की अडकतो. ते उपकरण स'ग्रावेसांडेच्याच नावाने ओळखले जाते. पण स'ग्रावेसांडेची खरी गोष्ट दुसऱ्या गोळ्यांची आहे. पडणाऱ्या वस्तूचे 'बळ' कसे मोजायचे यावर तेव्हा मोठा वाद होता. न्यूटनच्या बाजूचे म्हणत, वस्तुमान गुणिले वेग. लाइबनिट्सच्या बाजूचे म्हणत, वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग. स'ग्रावेसांडे अर्थातच पहिल्या गोटातला. त्याने सारख्याच आकाराचे पण वेगवेगळ्या वजनाचे पितळी गोळे घेतले आणि ते मऊ मातीत पाडून खळगे तपासले. एक गोळा दुसऱ्याच्या दुप्पट जड असेल, तर हलका गोळा दुप्पट उंचीवरून सोडायचा. न्यूटनपक्षाचा हिशोब खरा असता तर जड गोळ्याचा खळगा मोठा पडायला हवा होता. खळगे सारखे पडले. १७२२ च्या सुमाराला त्याने आपले मत जाहीरपणे बदलले आणि इंग्लंडमधल्या न्यूटनभक्तांचा रोष ओढवून घेतला. आपल्या गुरूची बाजू पटवायला जमवलेल्या सामानसुमानातूनच आपली चूक निघावी आणि माणसाने ती लपवायच्या ऐवजी पाठ्यपुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीत घालावी, हे विद्यापीठांत तेव्हा नवीन होते. पितळ उघडे पडले, पण त्यात अपमान नव्हता. उलट दुसऱ्या दिवशी तेच पितळ पुन्हा टेबलावर मांडायला हुरूप आला.

यावर पहिला आक्षेप लगेच येतो: हे शिकवणे कुठले, हा तर तमाशा. आक्षेपाला आधारही आहे. १७४६ साली लायडनमध्येच वीज साठवणारी बरणी सापडली आणि त्याच वर्षी फ्रान्समध्ये नोले या पाद्री-प्राध्यापकाने राजा पंधराव्या लुईसमोर १८० शिपायांना हात धरून उभे केले आणि बरणीचा झटका देऊन सगळ्यांना एकदम उड्या मारायला लावल्या. पुढे तोच खेळ मठातल्या साधूंवर झाला. दरबार हसला, साधूंना काय वाटले त्याची दखल कोणी घेतली नाही. पण याच नोलेला १७५३ मध्ये पॅरिसच्या नाव्हार कॉलेजात प्रायोगिक भौतिकशास्त्राची जागा मिळाली, आणि राजाला रिझवणारा प्रयोग व वर्गातला प्रयोग यांतला फरक तिथे उघड होतो. दरबारात प्रयोग एकदाच करायचा असतो आणि तो फसून चालत नाही. वर्गात तो दर वर्षी करायचा असतो आणि कधीतरी फसतोच. फसला की दमट हवा, सैल झालेला स्क्रू, उतरलेली बॅटरी या सगळ्यांचा शोध मुलांदेखत घ्यावा लागतो. पावसाळ्यात स्थिर विद्युत शिकवू नये, हे मुंबई-कोकणच्या कोणत्याही डेमॉन्स्ट्रेटरला ठाऊक असते, आणि ते का हे सांगण्यात निम्मा धडा होऊन जातो. तमाशात 'का' विचारायची सोय नसते.

कोपनहेगनचे प्रकरण याहून पुढचे. १८२० च्या वसंतात हान्स ख्रिस्तियान ओर्स्टेड प्रौढ विद्यार्थ्यांच्या एका लहान वर्गाला वीज आणि चुंबकत्व शिकवत होता. त्याने विजेची तार होकायंत्राच्या सुईवरून नेली आणि प्रवाह सोडला. सुई हलली. पण इतकी थोडी आणि इतकी अनियमित, की श्रोत्यांवर फारशी छाप पडली नाही, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. काही महिने तो गप्प राहिला, जुलैत मोठी बॅटरी जोडून प्रयोग पुन्हा केले आणि २१ जुलैला चार पानांचे लॅटिन पत्रक काढले. सुई तारेकडे खेचली जात नाही की दूर ढकलली जात नाही, ती आडवी वळते. तार सुईच्या वरून नेली तर एका बाजूला, खालून नेली तर उलट बाजूला. विद्युतचुंबकत्व असे एका तासात, थोड्याशा कंटाळलेल्या वर्गापुढे हाती लागले.

याला योगायोग म्हणण्याची पद्धत आहे. ती मुख्यतः नॉर्वेचा शास्त्रज्ञ क्रिस्टोफर हान्स्टीन याच्या एका पत्रावरून पडली; ते पत्र त्याने फॅरेडेला १८५७ मध्ये, म्हणजे सदतीस वर्षांनी लिहिले. प्रत्यक्षात ओर्स्टेड कित्येक वर्षे असा संबंध असणार असे मानत आला होता. मग वर्गाने काय दिले? वर्गाने मुहूर्त दिला. विचार मनात असतो, पण खोलीत एकटा असलेला माणूस तो उद्यावर ढकलू शकतो. समोर माणसे बसली आहेत, बॅटरी जोडलेली आहे, सुई टेबलावर आहे, तर आता करूनच पाहू, हा रेटा वर्गातलाच. ग्लासगोच्या विल्यम थॉमसनबद्दल, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्व्हिनबद्दल, त्याचे विद्यार्थी तक्रार करत की सर मूळ विषयावर राहतच नाहीत. ते खरेच. पण १८४६ पासून त्रेपन्न वर्षे त्याने तिथे शिकवले, जुन्या दारूच्या तळघरात विद्यार्थ्यांसाठी प्रयोगशाळा थाटली आणि लंबकावर बंदुकीची गोळी झाडून तिचा वेग वर्गातच मोजला. विषय सुटत असेल, रेटा सुटला नव्हता.

आपल्याकडे हे टेबल आले ते एल्फिन्स्टन कॉलेजात, 'नॅचरल फिलॉसॉफी' या नावाने. बाळशास्त्री जांभेकर तिथे सहायक प्राध्यापक होते. त्यांचे विद्यार्थी दादाभाई नौरोजी १८५५ पर्यंत गणित आणि नॅचरल फिलॉसॉफीचे प्राध्यापक झाले. संपत्तीच्या गळतीचे गणित मांडणारा हा माणूस मुळात भौतिकशास्त्र शिकवणारा होता, हे आपण विसरतो. दादाभाई विसरले नव्हते. पुढे मिळालेल्या सगळ्या मानांपेक्षा प्राध्यापक ही उपाधी आपल्याला प्रिय वाटते, असे ते सांगत. पुण्यात केरो लक्ष्मण छत्र्यांनी गणिताबरोबर सृष्टिशास्त्र शिकवले आणि त्यावर मराठीत लिहिले. सुरुवात चांगली होती. घोटाळा १८५७ मध्ये झाला. मुंबई विद्यापीठ लंडनच्या धर्तीवर निघाले आणि ते शिकवणारे नव्हते, परीक्षा घेणारे होते. शिकवणे कॉलेजांकडे, निकाल विद्यापीठाकडे. याचा परिणाम प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये बघावा. पुस्तकात गुरुत्वीय त्वरण ९८० लिहिलेले असते. मुंबईत ते ९७८.६ च्या आसपास आहे, कारण विषुववृत्ताकडे ते कमी होत जाते. केटरच्या लंबकाने नीट रीडिंग घेतली तर हा फरक पकडता येतो. पण जर्नलमध्ये उत्तर ९८०च निघते, कारण विद्यार्थी आधी उत्तर लिहितो आणि मग त्यावरून मागे जात रीडिंग 'बनवतो'. सरांची सही होते, लाल शाईने. सगळेच खूश. टेबलावर पितळ आहे, पण त्याचे तोंड बांधलेले. शिकवण्यातला आनंद गेला अशी तक्रार ऐकू येते तेव्हा पगार, तासांचा बोजा, विद्यार्थ्यांची उदासीनता ही कारणे दिली जातात. ती खोटी नाहीत. पण ज्या प्रयोगाचे उत्तर दोन्ही बाजूंना आधीच माहीत आहे, तो करण्यात चांगल्या पगारावरही कोणाला मजा येईल, असे वाटत नाही.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे. भौतिकशास्त्राचा मोठा भाग खडू-फळ्याचा. तिथे उपकरण नाही, मग तिथल्या आनंदाचे काय? उत्तर ढाक्यात सापडते. १९२४ साली सत्येंद्रनाथ बोस ढाका विद्यापीठात प्लांकचा प्रारणाचा नियम शिकवत होते. प्लांकचे सूत्र प्रयोगाशी जुळत होते, पण त्याची सिद्धता अर्धी जुन्या भौतिकशास्त्रावर उभी होती आणि अर्धी ते मोडणाऱ्या नव्या कल्पनेवर. मुलांना हे काय म्हणून सांगायचे? बोसांना ते पचेना. त्यांनी प्रकाशकणांची मोजणीच बदलली. दोन नाणी फेकली तर छापा-छापा, छापा-काटा, काटा-छापा, काटा-काटा असे चार प्रकार आपण मोजतो. दोन्ही छापे पडण्याची शक्यता एक-चतुर्थांश. पण नाणी एकमेकांपासून ओळखूच येत नसतील, पहिले आणि दुसरे असा भेदच नसेल, तर मधले दोन प्रकार एकच ठरतात आणि शक्यता होते एक-तृतीयांश. या मोजणीने प्लांकचे सूत्र कुठलीही ओढाताण न करता निघते. ४ जूनला त्यांनी लेख आइन्स्टाइनला पाठवला, आइन्स्टाइनने स्वतः जर्मनमध्ये उतरवून तो छापवला. बोसांकडून फळ्यावर चूक झाली आणि ती बरोबर ठरली, अशी एक गोष्ट सांगितली जाते. ती ऐकायला गोड आहे, पण त्यावर माझा विश्वास नाही आणि तिची गरजही नाही. शिकवताना आपलेच वाक्य घशात अडकले, हे पुरेसे कारण आहे. फळ्यापाशी पितळेचे काम 'हे कुठून आले?' हा प्रश्न करतो; मग तो विद्यार्थ्याने विचारलेला असो वा त्याच्या चेहऱ्यावर नुसता दिसलेला.

तिसरा आक्षेप आकड्यांचा आहे. हार्वर्डमध्ये एरिक माझूर आणि सहकाऱ्यांनी २००४ साली वर्गातल्या प्रयोगांची तपासणी छापली. ज्यांनी प्रयोग नुसता पाहिला, त्यांची समज तो न पाहणाऱ्यांपेक्षा फारशी पुढे गेली नव्हती. टेबल उचलून अडगळीत टाकायला हे पुरेसे वाटेल. पण त्याच तपासणीत आणखी एक गट होता. त्या विद्यार्थ्यांना प्रयोगाआधी 'काय होईल ते सांगा' असे विचारले होते, आणि त्यांची समज वाढलेली दिसली. म्हणजे फायदा पाहण्यात नव्हता. आधी शब्द देऊन मग तो खोटा ठरताना पाहण्यात होता. स'ग्रावेसांडेने हेच सोसले होते, फक्त तिथे शब्द प्राध्यापकाचा होता. पितळ दोन्ही बाजूंचे उघडे पडायला हवे, एवढीच दुरुस्ती हार्वर्डने केली.

आणि एक प्रयोग असा आहे की तो वर्गाला कधी दिसलाच नाही. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंड विद्यापीठातले प्राध्यापक थॉमस पार्नेल यांना विद्यार्थ्यांना दाखवायचे होते की हातोडीने फुटणारे डांबरही खरे तर द्रव आहे. १९२७ साली त्यांनी डांबर तापवून बंद नरसाळ्यात ओतले, तीन वर्षे स्थिरावू दिले आणि १९३० मध्ये नरसाळ्याचे टोक कापले. पहिला थेंब पडला १९३८ मध्ये. ज्या वर्गासाठी हे मांडले तो केव्हाच पास होऊन गेला होता. दुसरा १९४७ मध्ये. पुढच्याच वर्षी पार्नेल गेले. मग जॉन मेनस्टन यांनी तो प्रयोग पन्नासाहून अधिक वर्षे सांभाळला. १९८८ मध्ये थेंब पडला तेव्हा ते काही मिनिटांसाठी काहीतरी प्यायला बाहेर गेले होते. २००० मध्ये कॅमेरा लावला होता, तो ऐनवेळी बिघडला. २०१३ मध्ये मेनस्टन वारले, एकही थेंब पडताना न पाहता. नववा थेंब पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये खालच्या आठव्याला येऊन टेकला आणि चंचुपात्र बदलताना बसलेल्या धक्क्याने तुटला. आता दहावा लोंबतो आहे, चालू कॅमेऱ्यांसमोर.