ख्रिस्ती तारणातील विश्वासाचे स्थान : पंडिता रमाबाईंच्या संदर्भात

प्रस्तावना :
ख्रिस्ती धर्मविचारात तारण म्हणजे पापापासून सुटका व ईश्वराशी समेट. हे तारण सत्कर्मांच्या बळावर मिळत नसून ईश्वरी कृपेने, विश्वासाच्या द्वारे प्राप्त होते, असे संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात प्रतिपादिले. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरने याच तत्त्वावर धर्मसुधारणेची उभारणी केली. धर्मस्वीकार आणि विश्वास या दोन भिन्न अवस्था आहेत, हे पंडिता रमाबाईंच्या (१८५८-१९२२) जीवनक्रमावरून कसे स्पष्ट होते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

बाप्तिस्मा ते विश्वास :
रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे कन्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. पतित ठरविलेल्या स्त्रियांसाठी तेथील साध्वींनी चालविलेली सेवा आणि नेहेम्या गोऱ्हे यांचे विचार यांचा त्यांच्यावर प्रभाव होता. तथापि केवळ चर्चच्या अधिकारामुळे कोणताही सिद्धांत मान्य करणे त्यांना पटले नाही. त्रैक्याच्या प्रश्नावर वाँटेजच्या साध्वींशी त्यांचे तीव्र मतभेद झाले.

बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांच्या जीवनात दुसरे परिवर्तन घडले. विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मचरित्र त्यांच्या वाचनात आले. धर्मोपदेशक झाल्यावर अनेक वर्षांनी आपणास खरा विश्वास लाभला, असे हॅस्लमने त्यात नमूद केले आहे. आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, परंतु ख्रिस्तास जाणले नाही, या निष्कर्षाप्रत रमाबाई आल्या. बुद्धीने पटलेला धर्म आणि अंतःकरणाने टाकलेला भरवसा यांतील हा भेद होय.

विश्वास आणि सदसद्विवेकस्वातंत्र्य :
या परिवर्तनाचे सामाजिक परिणाम गंभीर झाले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत स्थापन झालेले व पुढे पुण्यास हलविलेले शारदा सदन धार्मिक बाबतीत तटस्थ राहील, असे आश्वासन होते. मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस बसू लागल्याने वाद पेटला. 'केसरी'ने कठोर टीका केली आणि १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर प्रभृतींनी सदनाशी संबंध तोडला. सक्ती करणार नाही, पण प्रार्थनेस येणाऱ्या मुलींना मज्जावही करणार नाही, ही रमाबाईंची भूमिका होती. विधवांच्या शिक्षणासाठी विश्वासाने मुली सोपविणाऱ्या पालकांची शंकाही अनाठायी म्हणता येत नाही. अनाथ, परावलंबी मुलीची निवड कितपत स्वतंत्र असते, हा प्रश्न आजही विचारणीय आहे.

समारोप :
१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून निराधार मुली आणून केडगाव येथे आश्रय दिला. त्या संस्थेस त्यांनी 'मुक्ती' हे भारतीय परंपरेतील नाव दिले. त्यांच्या दृष्टीने ही सेवा तारणाचे मोल नव्हते, तर विश्वासाचे फळ होते. कर्मावाचून विश्वास निर्जीव होय, या याकोबाच्या पत्रातील विचाराशी ते सुसंगत आहे. विश्वास वैयक्तिक असेल तर तो दुसऱ्यावर लादता येत नाही. रमाबाईंच्या चरित्राचे व १८९३ च्या वादाचे मूल्यमापन याच निकषावर करणे उचित ठरेल.