विमान तेच, की तसंच?

हॅलिफॅक्स हे दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश बॉम्बफेकी विमान. सहा हजारांहून अधिक बनली. युद्धानंतर जवळपास सगळी भंगारात गेली. उरलेल्यांपैकी दोन पाहू.

एक लंडनमध्ये हेंडनला. 1942 मध्ये 'टिर्पिट्झ' या जर्मन युद्धनौकेवर हल्ला करायला गेलं, मारा लागला, नॉर्वेतल्या गोठलेल्या तळ्यावर उतरलं आणि बुडालं. 1973 मध्ये वर काढलं. मोडकं, गंजकं, जवळजवळ तसंच ठेवलंय.

दुसरं यॉर्कशायरमध्ये एल्विंग्टनला, अगदी चकाचक. त्याच्या धडाचा एक तुकडा लुईस बेटावर चक्क कोंबड्यांचं खुराडं होता! पंख 'हेस्टिंग्ज' या वेगळ्याच विमानाचे. नाव मात्र 'फ्रायडे द थर्टीन्थ', म्हणजे 128 मोहिमा करून भंगारात गेलेल्या तिसऱ्याच विमानाचं. थिसियसच्या जहाजाच्या फळ्या बदलल्या, पण निदान जहाज तरी एकच होतं.

तरी एल्विंग्टनवर माझा राग नाही. खुराड्याचं विमान करताना पुरावा फारसा बुडाला नाही. फलकावर खरं लिहिलं की झालं. हेंडनचं प्रकरण वेगळं. तिथे नवा पत्रा ठोकला, रंग फासला, तर पाण्याखालची 31 वर्षं आणि त्या रात्रीच्या खुणा पुसल्या जातील. आणि त्या पुन्हा कुठल्या कारखान्यात मिळणार?