दिनविशेष : २३ जून – पी. के. बॅनर्जी

भारतीय फुटबॉलमधले ‘पीके’, म्हणजेच प्रदीपकुमार बॅनर्जी यांचा जन्म २३ जून १९३६ रोजी बंगालमधील जलपाईगुडीचा. उजव्या बगलेतून सुसाट धावणारा हा खेळाडू मोहन बागान किंवा ईस्ट बंगाल या कोलकात्याच्या दोन बड्या क्लबांकडून कधीच खेळला नाही. कोलकात्यात राहून असे करणे धाडसाचेच! पीके ईस्टर्न रेल्वेशी निष्ठावंत राहिले आणि १९५८ची कलकत्ता लीग रेल्वेच्या संघाने जिंकली. १९६०च्या रोम ऑलिंपिकमध्ये ते कर्णधार होते. फ्रान्सविरुद्धच्या १-१ बरोबरीतला भारताचा गोल त्यांचाच. दोन वर्षांनी जकार्ता आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात भारताने दक्षिण कोरियाला २-१ असे हरवले. त्यातला एक गोल पीकेंचा, दुसरा जर्नैलसिंगचा. अर्जुन पुरस्कार मिळवणारे ते पहिले फुटबॉलपटू.

खेळाडू म्हणून ज्या दोन क्लबांपासून ते लांब राहिले, त्यांनाच त्यांनी प्रशिक्षक म्हणून घडवले. १९७५च्या आयएफए शील्डच्या अंतिम फेरीत त्यांच्या ईस्ट बंगालने मोहन बागानचा ५-० असा धुव्वा उडवला. पुढच्याच वर्षी पीके मोहन बागानमध्ये! १९७७मध्ये पेलेच्या न्यूयॉर्क कॉसमॉसला ईडन गार्डन्सवर २-२ असे रोखणारा संघ त्यांचाच. डावपेचांपेक्षा ड्रेसिंग रूममधले त्यांचे जोशपूर्ण बोलणे, ‘व्होकल टॉनिक’, अधिक गाजले. पण नुसत्या भाषणांवर इतक्या ट्रॉफ्या येत नाहीत.

२० मार्च २०२० रोजी कोलकात्यात त्यांचे निधन झाले.